दोन शब्दयाद्यांचे एकत्रीकरण : स्ट्रिंग-तुलनेच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

जुनी आणि नवी अशा दोन मराठी शब्दयाद्या एकत्र करण्याचे काम आजपासून हाती घेतले. जुनी यादी यूनिकोडपूर्व फाँटांमधून रूपांतरित होऊन आलेली आहे, तर नवी यादी निरनिराळ्या कळफलकांवर थेट यूनिकोडमध्ये टंकलेली आहे. दोन्हींमध्ये प्रत्येक ओळीवर नोंदक्रमांक, शब्द आणि शब्दजात असे तीन रकाने असून त्यांच्यामध्ये टॅब आहे. कामाअखेरीस दोन्हींत असलेले शब्द, फक्त जुन्या यादीतले, फक्त नव्या यादीतले आणि संपादकांनी डोळ्यांखालून घालाव्यात अशा संशयास्पद जोड्या, अशा चार फाइली तयार व्हायला हव्यात.

हाती आलेली शेल स्क्रिप्ट (शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली आज्ञांची फाइल) आटोपशीर आहे, पण दोन शब्द ‘समान’ म्हणजे नेमके काय, हे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. बाइट (मजकूर ज्या ० ते २५५ या संख्यांच्या रूपात साठवला जातो त्या) तेच असणे ही एक समानता झाली. यूनिकोडच्या नियमानुसार सममूल्य असणे ही दुसरी. पडद्यावर सारखे दिसणे ही तिसरी आणि कोशकाराच्या दृष्टीने तोच शब्द असणे ही चौथी. शेलला यांपैकी फक्त पहिली समानता कळते. बाकीच्या तिन्ही आपण ठरवून द्याव्या लागतात, आणि त्या ठरवल्या नाहीत तर स्क्रिप्ट कुठलीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या आधी तिथे कोणती समानता धरली आहे, याची एक ओळ टिप्पणी म्हणून लिहायची, असा नियम पहिल्याच दिवशी करून टाकला.

४ जून २०२४

आजचा दिवस ओळी नीट वाचून घेण्यात गेला. तुलनेत दिसणारी निम्मी गडबड तुलनेची नसून वाचनाची असते, हे इथेही खरे ठरले. ओळ वाचणाऱ्या ‘रीड’ या आज्ञेला ‘-आर’ हा पर्याय दिला नाही, तर ओळीतली उलटी तिरकी रेघ गायब होते. आयएफएस, म्हणजे ओळ कशावर तोडायची ते सांगणारे शेलचे चल (किंमत साठवणारे नाव), रिकामे ठेवले नाही, तर ओळीच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा गळते. शेवटच्या ओळीनंतर नवओळ नसेल, तर ‘रीड’ चलामध्ये मजकूर भरतो खरा, पण अपयशाचा कोड परत देतो, आणि त्यामुळे साध्या ‘व्हाइल’ चक्रात ती ओळ हाताळलीच जात नाही. जुन्या यादीचा शेवटचा शब्द प्रत्येक वेळी ‘फक्त नव्या यादीत’ निघत होता, त्याचे कारण हेच. चक्राच्या अटीत ‘किंवा चल रिकामे नसेल तर’ एवढी भर घातल्यावर तो शब्द जागेवर आला.

नव्या यादीत दोन अदृश्य पाहुणे सापडले. तिच्या काही भागांत ओळीच्या शेवटी नवओळीआधी १३ क्रमांकाचा कॅरेज रिटर्न आहे. पडद्यावर त्याचा मागमूस नसतो, पण शेवटचा रकाना तुलनेला घेतला की ‘नाम’ आणि ‘नाम’ वेगळे ठरतात. शिवाय फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट आहेत. ही यूटीएफ-८ची (यूनिकोडचे वर्ण बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीची) आरंभखूण असून ती पहिल्या नोंदक्रमांकाला चिकटून येते. दोन्ही गोष्टी ‘ओडी’ या आज्ञेने बाइट छापून पाहिल्यावरच कळतात. दोन स्ट्रिंग (वर्णांच्या मालिका) सारख्या दिसूनही तुलना नापास होत असेल, तर तर्क लढवत बसण्याआधी बाइट पाहावेत. ही दोन्ही सफाई आता वाचनाच्या टप्प्यातच होते. पुढच्या कुठल्याही टप्प्याला त्यांची माहिती असण्याची गरज नाही.

६ जून २०२४

तुलनेच्या कंसांकडे आज लक्ष दिले. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत साध्या ‘एसएच’ या शेलचे नाव आहे, पण आत एकेरी चौकटी कंसात ‘==’ वापरले आहे. बॅश या शेलला ते चालते; शेलसाठीच्या पॉझिक्स मानकात मात्र स्ट्रिंगच्या समानतेसाठी एकच ‘=’ आहे आणि डॅश हा दुसरा शेल ‘==’ पाहताच अनपेक्षित चिन्ह म्हणून त्रुटी देतो. काही लिनक्स प्रणालींवर ‘एसएच’ म्हणजे डॅशच असल्यामुळे तीच स्क्रिप्ट एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर अडते. या कामात बॅशच वापरायचे ठरले आणि पहिली ओळ त्याप्रमाणे बदलली.

दुहेरी चौकटी कंसांत रिकाम्या चलाचा किंवा मोकळ्या जागेचा त्रास नाही, पण तिथे वेगळी दक्षता लागते. ‘==’च्या उजवीकडचे चल अवतरणचिन्हांत नसेल, तर बॅश त्याला स्ट्रिंग न मानता नमुना मानतो. जुन्या यादीत शंकास्पद नोंदींपुढे तारका आहे. ‘पाट*’ ही नोंद उजवीकडे उघडी ठेवली की ती ‘पाटी’, ‘पाटा’, ‘पाटील’ या सगळ्यांशी जुळते. अवतरणचिन्हे घातली की तारका ही फक्त तारका राहते. ‘=~’बाबतही बॅश ३.२पासून हाच प्रकार आहे : अवतरणात ठेवलेला भाग अक्षरशः जुळवला जातो.

एकेरी कंसातील ‘>’ याहून घातक आहे, कारण तिथे शेल त्याचा अर्थ ‘फाइलमध्ये लिहा’ असा घेतो. मग तुलना होतच नाही, दुसऱ्या शब्दाच्या नावाची एक रिकामी फाइल तयार होते, आणि पहिला शब्द रिकामा नसल्यामुळे अट खरी ठरते. कामाच्या फोल्डरमध्ये शब्दांच्याच नावांच्या रिकाम्या फाइली का पडल्या होत्या, याचा उलगडा यातून झाला.

शब्द यादीत आहे की नाही हे पाहण्यासाठी ग्रेप ही शोधाची आज्ञा आहे. त्याला ‘-एफ’ आणि ‘-एक्स’ हे दोन्ही पर्याय दिले. पहिल्याने टिंबाला (एरवी त्याचा अर्थ ‘कोणताही वर्ण’ असा होतो) टिंबच मानले जाते आणि दुसऱ्याने पूर्ण ओळ जुळावी लागते.

७ जून २०२४

नोंदक्रमांकांचा प्रश्न लहान वाटला होता, पण त्याने दिवस घेतला. जुन्या यादीत ‘००१२’ आणि ‘१२’ हे दोन वेगळे क्रमांक आहेत. पहिला पुरवणीतला, दुसरा मूळ यादीतला, आणि दोन्ही इंग्रजी अंकांत लिहिलेले आहेत. ऑक ही रकाने हाताळणारी आज्ञा मात्र संख्येसारख्या दिसणाऱ्या दोन रकान्यांची तुलना संख्या म्हणूनच करते, त्यामुळे तिच्या लेखी हे दोन्ही एकच. रकान्याला रिकामी स्ट्रिंग जोडली की तुलना स्ट्रिंगची होते. तेच सगळीकडे केले. देवनागरी अंकांत लिहिलेले क्रमांक ऑकला संख्या वाटतच नाहीत, म्हणजे एकाच रकान्यात दोन नियम लागू होत होते आणि नेमके हेच लक्षात यायला अवघड होते.

बॅशच्या दुहेरी कंसातील ‘-ईक्यू’ ही संख्यांची समानता पाहणारी खूण तर शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतली मानते. अष्टमानात आठ हा अंक नसल्यामुळे ‘०८’ हा क्रमांक इंग्रजी अंकांत आला की ती त्रुटी देते. तिला शब्द दिला तर ती त्याला चलाचे नाव समजते आणि असे चल नसेल तर किंमत शून्य धरते; म्हणजे कुठलाही निरर्थक इंग्रजी शब्द शून्याबरोबर ‘समान’ ठरू शकतो. क्रमांक ही ओळख आहे, परिमाण नव्हे. तिच्यावर बेरीज-वजाबाकी होणार नसेल तर तिची तुलना स्ट्रिंग म्हणूनच व्हावी, असे ठरवून ‘-ईक्यू’ पूर्णपणे काढून टाकले.

१० जून २०२४

लांबी आणि अक्षरबदल यांची तपासणी केली. ‘क्षमा’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा दिसतो. यूनिकोडमध्ये त्याचे क, हलन्त, ष, म आणि काना असे ५ कोडबिंदू (वर्णांचे यूनिकोड क्रमांक) होतात, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडबिंदूला ३ बाइट लागत असल्यामुळे एकूण १५ बाइट. बॅशमधली चलाची लांबी यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे यंत्रावर ठरवलेली भाषा व वर्णसंच) ५ आणि सी लोकेलमध्ये १५ येते. ऑकच्या आवृत्त्यांपैकी गॉकचे तसेच आहे, मॉक मात्र बाइटच मोजते. वाचकाला दिसणारी २ ही संख्या यांपैकी कोणीच देत नाही. लांबीवर आधारलेली जी एक चाळणी जुन्या स्क्रिप्टमध्ये होती, ती त्यामुळे वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे शब्द गाळत होती. तिची गरजच नव्हती, काढली.

जीएनयूची ‘टीआर’ ही वर्ण बदलणारी आज्ञा देवनागरीसाठी अजिबात वापरू नये, हे इथे ठळकपणे नोंदवून ठेवतो. ती एकेका बाइटवर काम करते. ‘०’ हा अंक म्हणजे २२४, १६५, १६६ हे बाइट आणि ‘द’ म्हणजे २२४, १६४, १६६. टीआरला ‘०’ पुसायला सांगितले, तर ती २२४, १६५ आणि १६६ हे तिन्ही बाइट सगळीकडून पुसते. ‘द’पैकी एकटा १६४ उरतो आणि तो कुठलेच अक्षर नसतो. अंकांचे रूपांतर सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या ‘वाय’ आज्ञेने केले, कारण यूटीएफ-८ लोकेलमध्ये ती अक्षर हे एकक धरते.

१२ जून २०२४

या कामाचा खरा गाभा आजपासून सुरू झाला. ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही याद्यांत आहे, पडद्यावर अगदी सारखा दिसतो, आणि तरीही स्क्रिप्ट त्याला दोन्हीकडे एकटा ठरवते. बाइट उलगडून पाहिले. नव्या यादीत द, मग ०९३१ या कोडबिंदूचा ‘ऱ’, मग हलन्त, य आणि काना आहे. जुन्या यादीत द, मग साधा र, हलन्त, त्यापुढे २००डी हा शून्यरुंदीचा जोडक, मग य आणि काना आहे. र, हलन्त आणि जोडक असा क्रम आला की अर्धा ‘ऱ’ उमटावा, ही सोय यूनिकोडने जुन्या मजकुरासाठी ठेवलेली आहे. म्हणजे दोन्ही लेखने वैध आहेत. तिसरेही एक रूप थोड्या ठिकाणी आढळले : र आणि त्यापुढे वेगळा नुक्ता (अक्षराखालचा ठिपका).

यांपैकी तिसरे रूप प्रमाणित रूपांतराने सुटते. र आणि नुक्ता यांची जोडी ही ‘ऱ’शी यूनिकोडच्या व्याख्येनेच सममूल्य आहे, त्यामुळे एनएफसी या यूनिकोडच्या प्रमाण रूपात आणल्यावर तिचा ०९३१ होतो. (उलट, नुक्ता असलेले ‘क़’सारखे एकसंध वर्ण एनएफसीमध्ये मुद्दाम सुटे केले जातात, दोन्हीकडे तेच रूपांतर केले की पुरे, निकाल एकसंध आला की सुटा याने बिघडत नाही.) जोडकाच्या रूपाला मात्र हे रूपांतर हातही लावत नाही, कारण यूनिकोडच्या दृष्टीने त्या दोन क्रमांत सममूल्यता नाही. ‘एनएफसी केले, आता तुलना बरोबर होईल’ असे समजून थांबणे मराठीसाठी पुरेसे नाही.

१३ जून २०२४

जोडकांचा सोपा उपाय म्हणजे सगळे शून्यरुंदीचे वर्ण पुसून टाकणे. अनेक ठिकाणी तो बरोबरही ठरतो. ‘वाङ्‌मय’ किंवा ‘उद्‌घाटन’ लिहिताना पाय मोडलेला दिसावा म्हणून काही जण हलन्तानंतर विजोडक (अक्षरे जोडू न देणारा शून्यरुंदीचा वर्ण) घालतात, काही घालत नाहीत. कोशाच्या दृष्टीने शब्द एकच. तिथे विजोडक पुसला की दोन्ही नोंदी जुळतात. पण हाच उपाय ‘दऱ्या’च्या जुन्या रूपाला केला, तर जोडक जाऊन र, हलन्त, य उरतात आणि शब्द ‘दर्या’ होतो. डोंगरांमधल्या दऱ्या जाऊन समुद्र उरतो. यादीत ‘दर्या’ ही स्वतंत्र नोंद आहेच, त्यामुळे दोन वेगळे शब्द एकात मिसळतात आणि एक नोंद गुपचूप नाहीशी होते. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांचेही तेच होते : स्वयंपाक्याचा मान आचार्याला जातो.

म्हणून क्रम असा बांधला. आधी एनएफसी. मग र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त. त्यानंतरच उरलेले जोडक आणि विजोडक पुसायचे. दुसरी आणि तिसरी पायरी यांची अदलाबदल झाली तर नुकसान भरून काढता येत नाही, कारण पुसलेला जोडक परत कुठे होता हे कळायला मार्ग उरत नाही. स्क्रिप्टमध्ये या दोन ओळींच्या वर कारणासह टीप लिहिली आहे.

जुन्या यादीत आणखी एक प्रकार आहे. ‘ॲ’साठी ०९७२ हा स्वतंत्र कोडबिंदू यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात तो ‘अ’पुढे चंद्र लिहून साधलेला आढळतो. फाँट-रूपांतराने तर ‘अ’पुढे ओकार ठेवून ‘ओ’सुद्धा बनवला आहे. हे क्रम काही प्रणालींवर तंतोतंत बरोबर दिसतात, काहींवर मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, आणि यूनिकोड त्यांना सममूल्य मानत नाही. यांच्यासाठी एक छोटा तक्ता करून प्रत्येक जोडीपुढे तिचा योग्य वर्ण लिहिला.

हे सगळे शेलमध्ये करण्यात अर्थ नाही, कारण बॅशला यूनिकोडच्या सममूल्यतेची कल्पनाच नाही. हा टप्पा पायथनमध्ये लिहिला. तिथे ‘यूनिकोडडेटा’ हे मॉड्यूल मूळ संचातच मिळते. पायथनचे ‘==’ सुद्धा कोडबिंदूच ताडून पाहते, स्वतःहून काही सममूल्य धरत नाही, त्यामुळे हीच काळजी तिथेही घ्यावी लागते. (‘इज’ तर मुळीच नको, ती वस्तू तीच आहे का ते विचारते, मजकूर तोच आहे का ते नाही. जावामधील ‘==’चेही तेच, आणि सीमध्ये तर दोन पत्ते ताडले जातात.)

मूळ शब्द मात्र कुठेही बदलत नाही. या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्या ओळीत पुढे ‘तुलना-रूप’ नावाचा एक नवा रकाना असतो आणि मागे मूळ ओळ जशीच्या तशी असते. तुलना पहिल्या रकान्याची होते, छपाई मूळ ओळीची. संपादकांना त्यांनी लिहिलेलेच लेखन परत मिळाले पाहिजे. यंत्राच्या सोयीसाठी केलेले रूप त्यांच्यापुढे जाता कामा नये.

१७ जून २०२४

दोन फाइलींतल्या समान आणि वेगळ्या ओळी निवडणाऱ्या ‘कॉम’ आज्ञेला दोन्ही फाइली एकाच क्रमाने लावलेल्या लागतात. जुन्या स्क्रिप्टमध्ये क्रम लावणारी सॉर्ट वापरकर्त्याच्या लोकेलनुसार चालत होती आणि कॉम दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या लोकेलमध्ये. त्यामुळे अधूनमधून ‘फाइल क्रमाने नाही’ ही सूचना येई. आता दोन्हींच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ आहे. या लोकेलमध्ये तुलना निव्वळ बाइटची होते, आणि १९९२मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ची रचनाच अशी केली की बाइटचा क्रम आणि कोडबिंदूंचा क्रम एकच राहतो. शिवाय सॉर्टच्या ‘-यू’ या पर्यायाचा धोकाही टळतो : लोकेलच्या नियमांत दोन वेगळ्या ओळींचे वजन समान ठरले, तर तो त्यांतली एकच ओळ ठेवतो.

हा क्रम जुळणीसाठी आहे, छपाईसाठी नव्हे. कोडबिंदूंच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ०९३३वर आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे येतो, आणि त्यानंतर क्ष आणि ज्ञ. बाकीचा क्रम बराचसा बरोबर येत असल्यामुळे ही गफलत चटकन नजरेत भरत नाही, आणि म्हणूनच ‘कळ’ हा शब्द ‘कवच’च्या आधी आलेला छापील यादीपर्यंत पोचतो. अंतिम छपाईसाठी वेगळी क्रमकिल्ली तयार करणारे फंक्शन लिहिले. त्यात ‘ऱ’ला ‘र’चेच वजन आहे.

२० जून २०२४

संशयास्पद जोड्यांसाठी लेव्हेनश्टाइन अंतर वापरले. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५मध्ये मांडलेली ही कल्पना साधी आहे : एका स्ट्रिंगपासून दुसरी मिळवायला कमीत कमी किती ठिकाणी वर्ण घालावा, काढावा किंवा बदलावा लागेल, ते मोजायचे. प्रश्न असतो तो कशाचे बदल मोजायचे हा. बाइट मोजले तर ‘दिन’ आणि ‘दीन’ यांच्यातील अंतर २ येते, कारण ऱ्हस्व वेलांटी २२४, १६४, १९१ अशी आणि दीर्घ वेलांटी २२४, १६५, १२८ अशी आहे. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांच्यात मात्र १२९च्या जागी १३० एवढाच फरक, म्हणून अंतर १. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तोच, पण वेलांटीला दुप्पट दंड आणि उकाराला निम्मा! कोडबिंदू मोजले की दोन्हीकडे १ येते. तेच एकक ठेवले आणि तुलना-रूपांमध्ये अंतर १ असलेल्या जोड्या चौथ्या फाइलमध्ये पाठवल्या.

या जोड्या आपोआप एक करायच्या नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द यादीत असायलाच हवेत.

२४ जून २०२४

तपासणीची फाइल तयार झाली. वरच्या प्रत्येक नोंदीतले उदाहरण तिच्यात आहे, आणि प्रत्येकापुढे अपेक्षित निकालही लिहिलेला आहे : ‘दऱ्या’ची तिन्ही लेखने समान, ‘दर्या’ त्यांच्याहून भिन्न, ‘वाङ्मय’ची दोन्ही समान, ‘००१२’ आणि ‘१२’ भिन्न.

एक्झिट कोडही (आज्ञा संपताना निकाल सांगणारे आकडे) आज नीट केले. ग्रेप सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि अडचण आल्यास २ देते. जुनी स्क्रिप्ट शून्य नसलेले सगळे ‘सापडले नाही’ यात जमा करत असे. यादीची फाइल जागेवर नसली तर प्रत्येक शब्द नवा ठरे. आता २ आला की स्क्रिप्ट तिथेच थांबते.

अनुस्वार आणि परसवर्ण यांचा प्रश्न तुलना-रूपात मुद्दाम घेतलेला नाही. ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’ ही एकाच शब्दाची दोन लेखने आहेत खरी, पण कोशात दोन्हींना जागा द्यायची की एकालाच, हा लेखननियमांचा निर्णय आहे आणि तो संपादकांचा आहे. पंचमवर्ण, हलन्त आणि त्याच वर्गातले व्यंजन असा क्रम शोधून, त्याच्या जागी अनुस्वार घातलेले रूप दुसऱ्या यादीत आहे का, हे पाहणारी वेगळी चाळणी लिहून ठेवली आहे. तिच्या जोड्याही चौथ्या फाइलमध्ये जातात, मात्र ‘अनुस्वार’ अशी खूण लावून. त्या जोड्यांवर संपादकांचा निर्णय आला की पुढची फेरी चालवायची.